त्रेचाळीस हिरवे, एक गुलाबी

पुणे,
९ जुलै १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शरयू सुखरूप पोचली, रुळली आणि माझ्या दोन खोल्यांपैकी दीड खोली तिने व्यापलीसुद्धा. वहिनीने दिलेली शेंगदाण्याची चटणी चार दिवसांत संपली. त्यातली बरीचशी मीच संपवली, हे वहिनीला सांगायला हरकत नाही. मंडईजवळ राहण्याचा फायदा म्हणजे ताजी भाजी, आणि तोटा म्हणजे पहाटेपासून हमालांचा आरडाओरडा. शरयूला त्याने जाग येत नाही. तिला कशानेच जाग येत नाही. दोघी एकाच बसने हडपसरच्या कॉलेजला जातो, पण बसमध्ये ती माझ्यापासून चार बाकं लांब बसते. मॅडमची भाची म्हणून ओळख नको, असं तिचं म्हणणं. मला ते आवडलं.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: रसायनाचे गुण मी कसे देते. अकरावीची परीक्षा बोर्डाची नसते, शाळेला जोडलेल्या आमच्या कॉलेजचीच असते, त्यामुळे यंदा मी थोडं माझ्या मनासारखं करणार आहे. पहिल्याच तासाला सांगून टाकलं. वर्षभरात बारा प्रॅक्टिकल, प्रत्येकाला दहा गुण. त्यातले सहा निरीक्षणाला, दोन निष्कर्षाला, दोन टेबल पुसून सामान जागच्या जागी ठेवण्याला. वर्ग चुळबुळायला लागला. जयसिंग म्हणून एक उंच मुलगा आहे, आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्याने उभं राहून विचारलं, “मॅडम, उत्तराला दोनच?” मी म्हटलं, दोनच. उत्तर पुस्तकात असतं, दिसतं ते पुस्तकात नसतं. जे डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, इंग्रजीत जमलं नाही तर खुशाल मराठीत लिहायचं. मात्र न दिसलेलं लिहिलं तर त्या प्रॅक्टिकलला शून्य, आणि ते शून्य वर्षाच्या बेरजेत राहणार.

हे प्राचार्य माधवरावांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “बाई, जग उत्तराला गुण देतं. तुम्ही बघण्याला देणार?” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “द्या. पालक भांडायला आले की मला मात्र बोलावू नका.”

चव्वेचाळीस मुलं आहेत, दादा. सगळ्यांनी एकच परीक्षानळी तापवली तर चव्वेचाळीस जण काय काय बघतील, याचं मला मनापासून कुतूहल आहे.

वहिनीला नमस्कार. शरयूवर जितकी करतोस तितकी माया माझ्यावरही असू दे.

तुझी,
सुहासिनी


बार्शी,
१६ जुलै १९७८

चि. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चटणीचा दुसरा डबा येत्या आठवड्यात कोणाबरोबर तरी पाठवतो. या वेळी त्यावर शरयूचं नाव घालायला सांगितलं आहे.

तुझे नियम वाचले. वाचून वाटलं, तू लहानपणीही अशीच होतीस. दूध नासलं तर बाकीची मुलं नाक मुरडायची आणि तू चमचा घेऊन बघत बसायचीस. पण सुहास, एक लक्षात ठेव. मी वीस वर्षं डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून औषधं घोटली. आपल्या घरातलं कोणीतरी ती चिठ्ठी लिहिणारं व्हावं, एवढीच इच्छा आहे. शरयू हुशार आहे, पण डॉक्टरकीच्या रांगेत एकेका गुणाला माणसं मागे पडतात. वर्गात तू तिची आत्या नाहीस हे मला मान्य. तशी तू परकीही नाहीस, हे तू मान्य कर. गुण वाढवून दे असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त तुझ्या प्रयोगांत तिचा बळी जाऊ नये.

तिला सकाळी उठवायचं असेल तर हाक मारू नकोस, पांघरूण ओढ. इथे तोच उपाय चालतो.

तब्येतीला जप, आणि आमची आठवण येत असल्यास तसं लिहायला लाजू नकोस.

तुझा,
श्रीनिवासदादा


पुणे,
२७ ऑगस्ट १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज तुझ्याकडे एक कोडं पाठवते आहे. तुझा धंदा बाटल्यांचा, तेव्हा तुला काही सुचतं का बघ.

मंगळवारी पाचवं प्रॅक्टिकल झालं. सगळ्यांना एकच पांढरं मीठ दिलं आणि ओळखायला सांगितलं. आमच्या भाषेत मीठ म्हणजे खायचंच असं नाही, हे तुला सांगायला नको. मी दिलं होतं झिंक सल्फेट, जस्ताचं मीठ. त्याची एक सुरेख परीक्षा आहे. कोळशाच्या तुकड्याला खळगा करायचा, त्यात मीठ ठेवून फुंकनळीने ज्योत फुंकायची, मग कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून पुन्हा तापवायचं. जस्त असेल तर खळग्यात हिरवा रंग उमटतो. त्रेचाळीस जणांनी हिरवा लिहिला. एकीने गुलाबी लिहिला.

तिचं नाव हुस्नबानू. हडपसरलाच राहते, वडील मन्सूरभाई कपडे रंगवतात. मागच्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी. जर्नलमध्ये मराठीत स्वच्छ लिहिलंय: “रंग फिका गुलाबी. तीन वेळा केले. तिन्ही वेळा गुलाबी.” पुढे आणखी एक. कॉस्टिक सोडा घातल्यावर पांढरा साका येतो आणि जस्त असेल तर सोडा जास्त घातल्यावर तो विरघळून जातो. हिने लिहिलंय, विरघळला नाही. आणि निष्कर्षाच्या जागी: “सगळे जस्त म्हणतात. मला वाटते जस्त नाही. काय आहे ते माहीत नाही.”

मी तिला दोन गुण दिले, टेबल पुसल्याचे. आणि दादा, इथवर लिहून थांबले असते तर बरं झालं असतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. जर्नल परत देताना मी वर्गात म्हटलं, “हुस्नबानू, रोज्यामुळे डोळ्यांपुढे रंग नाचायला लागले का?” वर्ग हसला. सध्या त्यांचा उपासाचा महिना चालू आहे. ती हसली नाही. वही मिटून दप्तरात ठेवली. त्यानंतर तीन दिवस ती आलेली नाही. ईद जवळ आली आहे, घरी काम असेल, अशी मी मनाची समजूत घालते आहे.

पण प्रश्न डोक्यातून जात नाही. हिरवं गुलाबी दिसावं असा डोळ्यांचा काही आजार असतो का? रंगांधळेपणा मुलींत फार क्वचित असतो असं वाचलं होतं. आणि साका विरघळला नाही, त्याचं काय? तिथे तर रंगाचा संबंधच नाही. एकाच मुलीच्या दोन चुका एकाच दिशेने कशा जातात? डॉक्टरसाहेबांना विचारून कळव.

शरयू ठीक. तिला या प्रॅक्टिकलला दहापैकी दहा आहेत, वाचून तुझा जीव भांड्यात पडेल.

उत्तराची वाट बघते. माझ्या मूर्खपणासकट मला आपली म्हणत राहा.

तुझी,
सुहासिनी


बार्शी,
२ सप्टेंबर १९७८

चि. सुहासिनीस,
आशीर्वाद.

पत्र दवाखान्यातच वाचलं आणि डॉक्टरसाहेबांना विचारण्याआधी मलाच हसू आलं. अगं, तू मुलीचे डोळे कशाला तपासतेस? आधी बाटली तपास.

आमच्या कपाटात झिंक सल्फेट असतं. डोळ्यांत घालायचे थेंब करायला चिमूटभर लागतं. त्याच कपाटात मॅगसल्फ असतं, जुलाबाला आणि सूज शेकायला. म्हणजे तुमचं मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही पांढरी, दोन्हींचे खडे काचेसारखे चकचकीत. शेजारी शेजारी ठेवली तर मी वीस वर्षांनंतरही नुसतं बघून सांगू शकणार नाही. नोकरीला लागलो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाटल्या समोर ठेवून मला विचारलं होतं. मी दोन्ही चुकीच्या सांगितल्या. तेव्हापासून एक वरच्या फळीवर असते आणि एक खालच्या. जुने कंपाउंडर जिभेला लावून बघायचे, जस्ताचं तुरट लागतं आणि दुसरं कडू. तू तसलं काही करू नकोस, तुझ्याकडे कोळसा आहे.

डॉक्टरसाहेब म्हणाले, मुलीने तीन वेळा करून एकच लिहिलं असेल तर ती आजारी नाही, ती चांगली आहे.

शरयूला दहापैकी दहा वाचून तिच्या आईने देवापुढे साखर ठेवली. या मीठ ओळखण्याच्या कामात तिला माझा वारसा असणार. तिला म्हणावं, बाबा खूश आहेत.

बाटलीचं काय निघालं ते उलट टपाली कळव, मलाही आता चैन पडायचं नाही. आणि आमच्यावरची माया जशी आहे तशीच ठेव, तिला परीक्षेची गरज नाही.

तुझा,
श्रीनिवासदादा


पुणे,
१० सप्टेंबर १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी गणपतीची सुट्टी होती, म्हणून गुरुवारी सकाळी लवकर जाऊन मी प्रयोगशाळा उघडली. कोळसा घेतला, फुंकनळी घेतली. गुलाबी, दादा. फिका, पण स्वच्छ गुलाबी. पुन्हा केलं, पुन्हा गुलाबी. साका काही केल्या विरघळला नाही. ते मॅगसल्फच आहे.

आमच्या प्रयोगशाळेचे संपतराव वीस वर्षं जुने शिपाई आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मे महिन्यात सामान नव्या खोलीत हलवताना एक बाटली फुटली, त्यातलं मीठ त्यांनी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत भरलं. कोणत्या? “ज्याचं लेबल चांगलं होतं त्या.” त्यांच्यावर काय रागवायचं? न तपासता त्या बाटलीतून वाटप करणारी मी.

मग मी खुर्चीवर बसले आणि पुढची गोष्ट सावकाश डोक्यात शिरली. बाटलीत जस्त नव्हतंच, तर हिरवा रंग कोणालाच दिसणं शक्य नाही. मग त्रेचाळीस जणांनी तो बघितला कुठे? आणि आपण जस्त शोधतो आहोत, हे त्यांना आधी कळलं कसं?

आता मन घट्ट करून वाच. संध्याकाळी घरी येऊन शरयूला विचारलं. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत, पहिल्याच प्रश्नाला रडायला लागली. माझी तयारीची वही टेबलावर असते. तिने प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती उघडून बघितली, त्यात झिंक सल्फेट लिहिलेलं होतं. तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने दुसरीला. दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं. हुस्नबानूलाही कळलं होतं. तिने ते ऐकलं, आणि तरी गुलाबी लिहिला.

माधवरावांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, प्रॅक्टिकल रद्द करा, दुसरं घ्या, विषय मिटला. शहाणा सल्ला आहे. पण मिटणार कसा? ज्या दिवशी मी नियम सांगितला त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्याची गरज पडली आहे, आणि मी तो घडी करून ठेवायचा? उद्या वर्गात मी माझी चूक सांगणार आहे आणि त्रेचाळीस शून्यं देणार आहे. त्यातलं एक शरयूचं आहे. वहिनीला तूच सांग, मला धीर होत नाही.

हुस्नबानू अजूनही आलेली नाही. ईद होऊन सहा दिवस झाले.

रागावशील हे माहीत आहे. रागावून झाल्यावर पत्र लिही.

तुझी,
सुहासिनी


पुणे,
१२ सप्टेंबर १९७८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने तुम्हांला लिहिलं आहे, ते सगळं खरं आहे. मी वही बघितली. फक्त एक गोष्ट आत्यालाही नीट सांगता आली नाही, ती तुम्हांला लिहिते.

बाबा, मी प्रयोग केला होता. नुसताच हिरवा लिहिला नाही. फुंकनळीने फुंकताना माझे गाल दुखले. आणि मलाही गुलाबीच दिसला. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. कारण आत्याच्या वहीत जस्त होतं. मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्या वहीवर विश्वास ठेवला. शेजारच्या मुलीला विचारलं, तुला कसला दिसतोय? ती म्हणाली, तुला कसला? मग दोघींनी हिरवा लिहिला. कितीतरी जणांचं असंच झालं आहे, आता सगळे एकमेकांना सांगताहेत.

काल आत्याने वर्गात तिची चूक सांगितली. बाटली न तपासता दिली, वही उघड्यावर ठेवली, आणि सगळ्यांना एकच मीठ दिलं, हेही चुकलं, असं म्हणाली. मग सगळ्यांची शून्यं वाचली. माझं नाव वाचताना ती थांबली नाही. जयसिंगने विचारलं, “मॅडम, मग तुम्हाला किती?” आत्या म्हणाली, “मलाही शून्य.” आणि गुणांच्या यादीत सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहून पुढे शून्य घातलं. नंतर प्राचार्यांनी ते खोडायला लावलं म्हणे, कॉलेजच्या कागदावर शिक्षकांना गुण देता येत नाहीत.

आता वर्गात माझ्याशी कोणी बोलत नाही. मी सांगितलं नसतं तर त्यांना शून्य मिळालं नसतं, असं सगळे म्हणतात. बसमध्ये मी आत्याच्या शेजारी बसते.

तुम्ही आत्यावर रागावू नका. आईला म्हणावं, साखर वाया गेली.

तुमची,
शरयू


बार्शी,
१७ सप्टेंबर १९७८

चि. सुहासिनीस,

आशीर्वाद नेहमीप्रमाणे आहेत, पण आज ते लिहायला हात होत नाही.

बाटली तुझी. लेबल तुझं. वही तुझी, तीही टेबलावर टाकलेली. आणि शून्य माझ्या पोरीला. सोळा वर्षांची पोर ती. घरात जी वही देवासारखी मानली जाते, तिच्यात लिहिलेलं खोटं असेल हे तिला कसं कळणार? तू मोठी, शिकलेली, पगारी शिक्षिका असून लेबलावर विश्वास ठेवलास, तर तिने वहीवर ठेवला. यात दोघींचा गुन्हा सारखा झाला. मग तुझा पगार चालू आणि तिचं वर्ष धोक्यात, हा कुठला हिशोब?

आणि मी तुला बाटली तपासायला सांगितली, हे माझ्या घरात आता रोज ऐकतो आहे. तिची आई म्हणते, तुमच्या हुशारीनेच मुलीला शून्य मिळालं.

वही बघितली हे वाईट केलं, त्याबद्दल तिला वेगळं पत्र लिहिलं आहे. ते तिने तुला दाखवायचं नाही. पण ज्या प्रॅक्टिकलमध्ये बाईंचीच चूक, ते रद्दच करायला हवं. तुझे प्राचार्य व्यवहारी माणूस आहेत. त्यांचं ऐक.

दिवाळीला दोघी इकडेच या. राग आहे म्हणून येणं टाळू नकोस. तसं केलंस तर मात्र खराच रागावेन.

श्रीनिवास


पुणे,
१ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. बारा प्रॅक्टिकलच्या एकशेवीस गुणांत दहा गेले म्हणून शरयूचं वर्ष जाणार नाही, एवढंच एक सोडून. तरी शून्य मी ठेवलं आहे. का, ते सांगते. पण त्याआधी दोन गोष्टी घडल्या त्या ऐक.

मी हुस्नबानूच्या घरी गेले. कालव्याच्या बाजूला त्यांची एक खोली आणि मागे रंगाचं अंगण आहे, भट्टीवर तांब्याची मोठी पातेली. मन्सूरभाईंनी खुर्ची पुसून दिली, तिच्या आईने, रझियाभाभींनी, शिरखुर्म्याची वाटी पुढे केली, ईद होऊन इतके दिवस झाले होते तरी. मी कशासाठी आले ते सांगितलं. मन्सूरभाई म्हणाले, “बाई, रमजान म्हणजे आमचा सगळ्यात कामाचा महिना. ईदच्या ओढण्या, साड्या. कपड्याला मॅचिंग रंग लागतो. रोजा धरून दिवसाला वीस-पंचवीस रंग जुळवतो आम्ही. आणि नमुना जुळला का नाही, ते मी हुस्नबानूला विचारतो.” दोरीवर तीन गुलाबी ओढण्या वाळत होत्या. त्यांनी मला विचारलं, यातल्या एकसारख्या कोणत्या? मी निरखून बघितलं आणि म्हटलं, तिन्ही. हुस्नबानू दारात उभी होती. ती म्हणाली, “एकपण नाही.”

मी तिची माफी मागितली. ती खाली बघत होती. मग फार हळू म्हणाली, “मॅडम, तुम्ही ते वर्गात बोललात.”

एवढंच. कॉलेज सोडायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. तिचा काका म्हणत होता, हसंच करून घ्यायचं तर कशाला शिकायचं. सोमवारी ती आली ती वडिलांबरोबर, आणि मन्सूरभाई दारातच उभे राहिले. मी चव्वेचाळीस जणांसमोर, जे बोलले होते ते शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारले, आणि ते बोलल्याबद्दल तिची माफी मागितली. या वेळी कोणी हसलं नाही. तिला दहापैकी नऊ दिले. जस्त नाही हे ओळखलं, पण काय आहे ते ओळखलं नाही, म्हणून एक कापला. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, “बरोबर आहे.”

दुसरी गोष्ट. त्याच आठवड्यात शाळा समितीचे अध्यक्ष हिंदुराव आले. शंभर एकराचा माणूस, डोक्याला फेटा, मागे जयसिंग मान खाली घालून. माधवराव म्हणाल्याप्रमाणे खोलीतून बाहेर आले नाहीत. हिंदुराव म्हणाले, “बाई, चव्वेचाळीसात त्रेचाळीस पोरांना शून्य, म्हंजी पोरांचं न्हाई, शाळंचं कायतरी चुकतंय.” मी म्हटलं, चुकलंय, आणि काय चुकलं ते तुम्हांला दाखवते. त्यांच्या हातात कोळसा आणि फुंकनळी दिली. मुलांना फुंकायला दम पुरत नाही. यांना पहिल्याच झटक्यात जमलं. ज्योत अशी सरळ गेली की संपतरावांनी मान डोलावली. थेंब टाकला, पुन्हा फुंकलं. मी विचारलं, काय दिसतंय? त्यांनी कोळसा खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला. “गुलाबी हाय की!”

मग ते जयसिंगकडे वळले. “तुला कंचा दिसला व्हता?” जयसिंग म्हणाला, “गुलाबीच, काका.” “मग हिरवा कुठनं आणला?” तो म्हणाला, “सगळ्यांनी लिहिला म्हणून.” हिंदुरावांनी कोळसा अलगद टेबलावर ठेवला. म्हणाले, “उद्या शेताचा नकाशा करताना सगळे म्हनतील तिथं बांध घालशील व्हय रं?” मग माझ्याकडे बघून, “ऱ्हाऊ द्या बाई ते शून्य. अजून एकदा करू का हे? मघाशी थेंब जास्त पडला.” त्यांनी आणखी दोनदा केलं, दादा.

म्हणून मी शून्य ठेवलं. बाटलीच्या चुकीचं शून्य ते नव्हेच. बाटलीत काहीही असतं तरी मुलांना दिसलं ते लिहून सहा गुण मिळाले असते. सगळ्यांना बरोबर दिसलं होतं आणि सगळ्यांनी ते स्वतःच खोडलं. हे आज रद्द करून टाकलं तर त्यांना एवढंच कळेल की मॅडमची बाटली चुकली. तुझा दुसरा मुद्दा मात्र पटला. मीही लेबल वाचलं आणि बघायचं सोडून दिलं. त्याची भरपाई म्हणून दर शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवते. गुण नाहीत, हजेरी नाही. ज्याला हवं त्याने यावं आणि हवं ते तापवून बघावं. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, काल एकोणीस. शरयू आली होती. तिच्याशी अजून फारसं कोणी बोलत नाही, पण हुस्नबानूने सरकून तिला जागा दिली.

दिवाळीला येतो. माझ्यावरचा राग संपवून टाकू नकोस, थोडा शिल्लक ठेव. समोरासमोर भांडायला बरं पडेल.

तुझी,
सुहासिनी


पुणे,
२५ मार्च १९७९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत आपण भांडलो, वहिनीने दोघांनाही गप्प केलं, आणि त्यानंतर तू प्रत्येक पत्रात फक्त हवापाण्याचं लिहितोस. आज मात्र तुला शरयूबद्दल लिहायलाच हवं.

गुरुवारी वार्षिक प्रॅक्टिकल झालं. या वेळी चव्वेचाळीस पुड्या, प्रत्येक वेगळी तपासलेली, आणि चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. कोणाला काय गेलं ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. हुस्नबानूने तिचं मीठ पाऊण तासात ओळखलं आणि उरलेला वेळ टेबल पुसत बसली. मन्सूरभाई हल्ली तिच्याबरोबर मला प्रश्न पाठवतात. तुरटीने रंग कापडाला का धरतो, असा परवाचा होता. मला पूर्ण उत्तर येत नाही. वाचते आहे.

शरयूची पुडी अवघड निघाली. मी लांबून बघत होते. तीन तास तिने मान वर केली नाही. जर्नल तपासलं तेव्हा निरीक्षणं ओळीने, स्वच्छ, एकही खाडाखोड लपवलेली नाही. एका ठिकाणी लिहिलंय, “पिवळसर वाटला, पण उजेडात नेल्यावर पांढरा.” आणि निष्कर्ष: “ओळखता आले नाही.” निरीक्षणाचे सहाच्या सहा दिले, निष्कर्षाचे दोन गेले. एका पायरीवर थोडं जास्त थांबली असती तर सापडलं असतं.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून जेवली. तिच्या पुडीत काय होतं ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. ती वांग्याच्या भाजीबद्दल बोलली, बसमधल्या गर्दीबद्दल बोलली. शेवटी मीच न राहवून म्हटलं, सांगू का? तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. म्हणाली, “नको आत्या. थोडं उरलंय पुडीत. शनिवारी पुन्हा करणार आहे.”

काल ती आणि हुस्नबानू दुपारभर प्रयोगशाळेत होत्या. संपतरावांनी कुलपासाठी दोनदा खोकून दाखवलं तेव्हा निघाल्या. अजून सापडलेलं नाही.

तिचे वर्षाचे रसायनाचे गुण शंभरात एकसष्ट होतील. तुला हवे तेवढे नाहीत, हे मला माहीत आहे. जे आहे ते तसंच लिहिते आहे. वाचून जे वाटेल ते मला कळव, आणि बहीण म्हणून जवळ ठेव.

तुझी,
सुहासिनी


बार्शी,
३१ मार्च १९७९

चि. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

कार्डावर लिहितो, कारण पाकीट आणायला जाण्याइतका धीर नाही.

एकसष्ट वाचून तिच्या आईचा चेहरा पडला. माझाही पडला, खोटं कशाला सांगू. मग खालचा मजकूर पुन्हा वाचला. पत्र दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरसाहेबांना ती पिवळसर-पांढऱ्याची ओळ वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “श्रीनिवास, ही मुलगी उद्या माझ्याकडे आली तर मी तिला नाडी बघायला देईन.” वीस वर्षांत त्यांनी मला असं काही म्हटलेलं नाही. मी काउंटरमागे जाऊन उगाच बाटल्या पुसत बसलो.

आता एक विचारायचं आहे. त्या पुडीत होतं तरी काय? इतकं लिहिलंस आणि नेमकं तेच लिहिलं नाहीस. परवापासून मी आणि डॉक्टरसाहेब तर्क करतो आहोत. ते म्हणतात एक, मी म्हणतो दुसरं, आणि पेशंट बाहेर ताटकळतात.

पण नको, लिहू नकोस. तिलाच सापडू दे. सापडलं की तिनेच मला कळवावं.

तुझा,
दादा